तरीवरचा नाडा

मी नाडा बोलतोय. लेंग्यात ओवतात तो नव्हे. मोटेला लावतात तसला, मनगटाएवढा जाड, काथ्याचा दोरखंड. माझं नाव ऐकून कुणी हसतं, कुणी थुंकतं. थुंकणाऱ्यांचा मी राग मानत नाही. माझ्या नावासारखाच एक शब्द माणसांच्या तोंडी आहे, नाडणे. समोरचा अडचणीत सापडला, की त्याच्याकडून वाजवीपेक्षा जास्त पैसे उकळायचे, याला नाडणे म्हणतात. दोराने आवळावं तसं माणसाला आवळायचं म्हणून तो शब्द झाला, की दुसरं काही कारण आहे, ते मला ठाऊक नाही. शिकलेले लोक सांगतील. मी तो शब्द कुठे कुठे ऐकला आणि त्यापायी काय पाहिलं, एवढंच सांगू शकतो.

माझा जन्म चौपन्न सालचा. धामापूरच्या खालच्या अंगाला मोठ्या खाडीला एक अरुंद फाटा येऊन मिळतो. त्या फाट्याच्या चिखलात नारळाची सोडणं सहा-सात महिने कुजत पुरलेली असायची. हौसाबाई नावाची एक विधवा ती उपसून दगडावर घ्यायची आणि लाकडी दांडक्याने कुटायची. हात काळे, नखं झिजलेली. कुटून कुटून निघालेला काथ्या वळून तिने माझे पेड केले, आणि तीन पेडांचा मी झालो.

मी पुरा व्हायच्या आधीच तो शब्द माझ्या कानावर आला. हौसाबाई वाडीतल्या बाबलीच्या दुकानातून परत आली होती. बाबलीने तिचा सुटा काथ्या ओला आहे म्हणून भाव पाडून घेतला, आणि त्याच हाताने तिला तांदूळ चढ्या भावाने दिले. पावसाआधीचे दिवस, दुसरं दुकान नाही. ती दांडकं उचलून म्हणाली, "नाडल्यान माका मेल्यान." आणि पुन्हा कुटायला लागली. त्या दिवशी तिने मला फार घट्ट वळलं.

मला विकत घेतलं दाजीने. दाजी तारी, म्हणजे तर, माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवणारा. त्या फाट्यावर तेव्हा पूल नव्हता. पलीकडे जायचं तर दाजीच्या होडीतून. अलीकडे आमची वाडी, तिच्या पाठीमागे डोंगर. पलीकडे दोन मैलांवर मोटारीचा रस्ता, आणि तो रस्ता मालवणला. दाजीने माझं एक टोक अलीकडच्या करंजाच्या झाडाला बांधलं, दुसरं पलीकडच्या जांभ्या दगडाच्या खांबाला. होडीत उभं राहून दोन्ही हातांनी मला ओढत ओढत तो होडी पलीकडे न्यायचा. पावसाळ्यात ओढ एवढी असायची की वल्ह्याचा उपयोगच नसे. माझ्याशिवाय होडी गेली असती थेट समुद्रात.

दाजी मुळात वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी तो माणशी एक आणा घेई, पावसात दोन. म्हाताऱ्यांना हात धरून चढवी. कुडाळच्या बाजारातून येणाऱ्या बायकांची ओझी उतरून देई. होडीत बायका हसायच्या, कोळणीला म्हणायच्या, "शेवंती गो, सुंगटां देताना नाडू नको आमका!" तीही हसायची आणि चार कोळंब्या जास्त घालायची. तेव्हा मला तो शब्द गोड वाटला होता. माणसं थट्टेतसुद्धा माझं नाव घेतात म्हणून मी खूष.

मग दाजीच्या हाताला सवय लागली. कशी लागली ते मी जवळून पाहिलं, कारण तो हात माझ्यावरच असायचा.

पुढच्या वैशाखात पलीकडून एक लग्नाचं वऱ्हाड आलं. मुहूर्त टळायला आलेला. कुणीतरी काठावरून ओरडलं, "दाजीनू, व्हराड हा. नाडा मेल्यांक!" मला वाटलं मलाच हाक मारली. दाजीने हसत हसत चौपट पैसे मागितले, वरबापाने हसत हसत दिले. सगळे खूष होते. पण त्या दिवशी दाजीला एक गोष्ट कळली. ज्याला घाई नसते तो घासाघीस करतो. ज्याला घाई असते तो करत नाही.

त्याच वर्षी तरीचा मक्ता लिलावात चढला. दाजीला तो जड गेला. घरी दोन पोरं. मग मुंबईहून आलेले चाकरमानी, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, मयताला निघालेले नातेवाईक, यांना वेगळा दर लागू झाला. दाजी कुणाला शिवी देत नसे, आवाज चढवत नसे. होडीत माणसं बसली की माझ्यावर हात ठेवायचा आणि थांबायचा. ओढायचा नाही. नुसता पाण्याकडे बघत राहायचा. मग बसलेला माणूस आपणच विचारायचा, "किती?"

त्याची बायको नर्मदा हे त्यांच्या खोपीच्या दारातून पाहायची. एकदा जेवणाची परात घेऊन काठावर आली आणि म्हणाली, "नडलेल्या माणसाकडसून असे पैसे घेव नयेत ओ."

दाजी म्हणाला, "नडलेलोच देता. नडाक नाय तो कशाक देतलो?"

नर्मदेने परात खाली ठेवली आणि ती खोपीकडे वळली. माणसाने आपल्या कामाचं एवढं साधं उत्तर शोधून काढलं, की त्याच्याशी बोलणं कठीण होतं.

छप्पन सालच्या श्रावणात चार दिवस पाऊस खळला नव्हता. पाणी तांबडं झालं होतं, त्यातून फांद्या, केळीचे खुंट वाहत होते. मी ताणला जाऊन गुणगुणत होतो. सकाळी दहाच्या सुमाराला डोंगराच्या वाटेने डोली आली. बांबूला घोंगडी बांधलेली, चार शेजारी खांद्यावर घेऊन आलेले. मागून राधाबाई, डोक्यावर इरलं घेतलेली. पुढे तिचा मुलगा हरिश्चंद्र. डोलीत त्याची बायको आनंदी.

आनंदीला मी ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी ती नवरी म्हणून याच होडीतून आली होती. माहेरी जाता-येता दाजीच्या पोरांसाठी गुळाचं खाजं घेऊन यायची. हे तिचं पहिलं बाळंतपण. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. मूल आडवं होतं. सुईणीने पहाटे हात टेकले आणि सांगितलं, "मालवणात नेवा. माज्यान होवचा नाय."

बाई अडली असं म्हणतात आमच्याकडे. अडली.

हरिश्चंद्र धावत होडीपाशी आला. "दाजी, बेगीन घे रे."

दाजी होडीत चढला. माझ्यावर हात ठेवला. आणि थांबला.

"पाणी बघलंस?" तो म्हणाला. "ह्या पाण्यात कोण होडी घालता? दोर तुटलो तर माज्या पोरांक कोण बघतलो?"

त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. मी तुटलो असतो कदाचित. पण मला त्याचा हात कळत होता. भ्यालेला हात थरथरतो. तो हात थरथरत नव्हता.

"किती?" हरिश्चंद्राने विचारलं.

"वीस रुपये."

शेजाऱ्यांपैकी एकजण शिवी देऊन पुढे झाला. हरिश्चंद्राने त्याला मागे ओढलं. कमरेच्या पिशवीतून त्याने होते ते काढले. नऊ रुपये. त्यातच पुढे मोटारीचं, डॉक्टरचं, औषधाचं. "हे घे. बाकीचे मागाहून देतंय. आवशीची शपथ घेतंय."

"मागाहून कोण देता?" दाजी म्हणाला. "गेल्या वर्षी त्या तारखेवाल्यान असाच सांगल्यान."

राधाबाई चिखलात खाली बसली. गळ्यातली डोरल्याची पोत काढायला लागली. बोटं ओली, गाठ सुटेना. दाजीने मान फिरवली. "सोना माका नको. उद्या म्हणशात, दाजीन म्हातारेची पोत काढून घेतल्यान."

हरिश्चंद्राने आईकडे पाहिलं, डोलीकडे पाहिलं, आणि वळून धावत सुटला. बाबलीचं दुकान वाडीच्या वरच्या टोकाला. मधे शेताच्या मेरा, अरुंद बांध, सगळीकडे गुडघाभर पाणी.

सगळे त्याची वाट पाहत उभे राहिले. पाऊस घोंगडीवर पडत होता. मग आनंदीचा आवाज आला. मोठा नव्हता. "दाजीनू, माका पलतडीक घाला हो."

दाजी पाण्याकडे बघत होता.

"दाजीनू, आयकलात?"

मी अनेकांना रडताना ऐकलं होतं. ती रडत नव्हती. एखाद्या माणसाने आपल्याला नीट ऐकलं नसेल असं वाटून आपण पुन्हा सांगतो, तसं ती सांगत होती.

घोंगडीखालून लाल पाणी टपकायला लागलं, तेव्हा नर्मदा खोपीतून बाहेर आली. डोक्यावर काही नाही. सरळ पाण्यात उतरली आणि तिने माझ्यावर हात टाकला. दाजीच्या हाताच्या शेजारीच.

"बायल अडलीसा. दिसना नाय तुमका?"

"तू घरात जा गो!"

"मी जावचंय नाय. तुमी ओढीत नसाल तर मी ओढतंय." आणि डोलीवाल्यांना ती ओरडली, "बघतास काय? घाला होडयेत तिका!"

त्यांनी डोली होडीत ठेवली. राधाबाई आणि चौघे चढले. नर्मदा होडीत चढून ओढायला लागली. बाईमाणसाच्या ताकदीने त्या ओढीत होडी हात-दोन हात सरकली आणि अडकली. मग दाजीने तिला बाजूला केलं आणि तो ओढायला लागला. एवढ्या जोराने त्याने मला आधी कधी ओढलं नव्हतं. पण तोवर पाऊण तास गेला होता.

होडी मध्यावर असताना हरिश्चंद्र काठावर पोचला. हात वर करून तो ओरडत होता, "आसत! वीस आसत!" प्रवाहात मागे वळणं शक्य नव्हतं. होडी पलीकडे लागली, डोली उतरवली, आणि राधाबाईने थांबायचं नाही असं ठरवलं. "तो येयत मागसून. तुमी चला." चौघे डोली घेऊन सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, वाट चढले.

दाजी हरिश्चंद्राला आणायला परत आला. हरिश्चंद्राने होडीत पाय ठेवला आणि भिजलेल्या नोटा पुढे केल्या. आता ही गोष्ट मला सांगावीशी वाटत नाही, पण सांगितली पाहिजे. दाजीने त्या घेतल्या. त्याने ठरवून घेतल्या असं मला वाटत नाही. हात पुढे झाला, नोटा कनवटीला गेल्या, आणि तो ओढायला लागला. सवयीच्या हाताला कुणी विचारत नाही.

आनंदी सड्यावरच गेली. मोटारीचा रस्ता दिसत होता म्हणे. हरिश्चंद्र डोलीपाशी पोचला तेव्हा राधाबाईने तिच्या तोंडावर पदर घातलेला होता. "तो खंय? तो इलो?" असं आनंदीने दोनदा विचारलं होतं, हे राधाबाईने पुढे होडीत बसून एका बाईला सांगितलं, तेव्हा मला कळलं. मूल पोटातच राहिलं.

चार वाजता डोली परत आली. मालवणला न्यायचं काही कारण उरलं नव्हतं. पलीकडच्या काठावर ते उभे राहिले आणि कुणी हाक मारली नाही. दाजी आपणच होडी घेऊन गेला. सगळे बसले. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. होडी अलीकडे लागली, डोली उतरली. शेवटी हरिश्चंद्र उतरला. त्याने कमरेची पिशवी सोडली.

"पावसातलो दर दोन आणे ना?"

दाजी मला धरून उभा.

"आमी सा जणा. बारा आणे." त्याने पैसे फळीवर ठेवले. मग शांतपणे विचारलं, "मेल्या माणसाचो काय दर, दाजी? एकदा सांगून टाक."

दाजीचा हात माझ्यावर होता. तेव्हा तो थरथरला.

त्यानंतर वाडीत तो शब्द कुणी थट्टेत उच्चारला नाही. "नाडल्यान" म्हटलं की कुणी, कुणाला, हे सांगावं लागत नसे. होडीत बसून लोक दाजीसमोरच बोलायचे, जणू तो तिथे नाही. सगळ्यांत मोठ्याने बोलायचा तो बाबली दुकानदार. "माणूस न्हय तो. नडल्या बायलेक नाडल्यान." हे म्हणून तो पाण्यात थुंकायचा. आनंदीच्या अंगावर घालायचं कोरं लुगडं, कापूर आणि नारळ त्याच्याच दुकानातून आले होते. पावसात माल येत नाही म्हणून त्याने दुपटीने लावले होते. आणि त्या दिवशी हरिश्चंद्राला दिलेले पैसे त्याने भातावर फेडून घेतले, कापणीच्या वेळी, पडत्या भावाने. ते सगळं मी होडीतल्या बायकांकडून ऐकलं. बाबलीला कुणी तो शब्द लावला नाही. त्याच्या दुकानापुढे कुणी मेलं नव्हतं, एवढाच फरक.

दाजीने वीस रुपये परत द्यायचा प्रयत्न केला. हरिश्चंद्र कुडाळच्या बाजाराला निघाला होता. होडीत दुसरं कुणी नव्हतं. दाजीने कनवटीतून कागदात बांधलेल्या नोटा काढल्या आणि पुढे धरल्या.

हरिश्चंद्र म्हणाला, "तू मागलंस, मी दिलंय. आता ते माजे न्हय."

"हरी, माका ते ठेवूक होयत नाय रे."

"माका काय सांगतंस?" हरिश्चंद्र म्हणाला आणि पलीकडच्या काठाकडे बघत बसला. उतरताना त्याने फळीवर आणा ठेवला. पुढे नवे पैसे आले तेव्हा सहा नवे पैसे. दर बाजाराला, न चुकता, न बोलता. मला वाटतं, त्याने दाजीच्या थोबाडीत मारली असती तर दाजी जगला असता.

नर्मदा तरीच्या पैशातलं खात नसे. ती लोकांच्या शेतावर लावणी-कापणीला जायची, आपला शेर-दोन शेर भात वेगळ्या मडक्यात शिजवायची. एका खोपीत दोन चुली पेटायच्या. पोरांना कुठल्या चुलीवरचं खायचं ते कळेना. मोठी झाल्यावर दोघेही मुंबईला गेले आणि फारसे आले नाहीत.

दाजीने मग आजारी माणसाकडून, गरोदर बाईकडून पैसे घेणं बंद केलं. पण ते कुणाला कळलंच नाही, कारण त्यानंतर एकही गरोदर बाई त्याच्या होडीत बसली नाही. लोक डोंगराला वळसा घालून पाच मैल जायचे. एकदा भर पावसात एक डोली करंजाजवळून पुढे गेली. दाजी पाण्यात उतरून ओरडला, "येवा रे, काय नको माका, पैसो नको!" ते थांबले नाहीत. बाई ओरडत होती, तिचा आवाज डोंगरापलीकडे गेला तोवर तो पाण्यात उभाच होता. ती जगली की नाही ते मला कधी कळलं नाही.

बासष्ट साली वाडीने श्रमदानाने साकव, म्हणजे लहान पायपूल, बांधायला घेतला. पहिला दगड हरिश्चंद्राने डोक्यावरून आणून टाकला. दोन वर्षं तो दर सोमवारी दगड वाहत होता. दाजीही वाहायचा. त्याला कुणी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ज्या साकवाने त्याची तर बंद पडणार होती, त्याचे दगड तो रोज वाहत होता. चौसष्टच्या उन्हाळ्यात साकव झाला. बायका नारळ घेऊन आल्या, पोरं पलीकडे धावत गेली आणि परत आली. होडी उलटी करून ठेवली ती तशीच कुजली.

पुढच्या वर्षी दाजी गेला. ताप आला, चार दिवसांत संपला. वीस रुपये त्याच कागदात त्याच्या उशाखाली सापडले. नर्मदेने ते देवळाच्या पेटीत टाकले नाहीत, घरातही ठेवले नाहीत. साकवावर उभी राहिली आणि पाण्यात सोडले. प्रेत शेताच्या मेरेवरून नेलं. हरिश्चंद्र नांगर धरून होता. तिरडी दिसली तसा त्याने बैल थांबवले. ती पुढे जाईपर्यंत तो मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने बैल हाकले.

मला नर्मदेने करंजापासून सोडलं. झिजलेली टोकं कोयत्याने तोडली आणि मधला, बरा राहिलेला तुकडा गुंडाळून पडवीतल्या खुंटीला टांगला. वाडीत तिने सांगून ठेवलं, कुणाची बायल अडली तर हो दोर घेवन जावा, इचारू नकात. आता डोली माझ्याने बांधतात. घोंगडीच्या दोन्ही टोकांना मी, वर बांबू. आजवर नऊ जणींना मी साकवावरून नेलं. सहा मूल घेऊन परत आल्या. नर्मदा कुणाकडून काही घेत नाही, आणि गेलेल्यांच्या घरी जाऊन बसते.

पण आता मला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती सांगायला मला तोंड नाही. मी आतून कुजलोय. वरून डांबराचा थर आहे, म्हणून दिसत नाही. तीन पेडांतला एक गेल्या पावसाळ्यात सुटला. परवा वाडीतल्या यशोदाला नेताना साकवाच्या मध्यावर माझे चार धागे तुटले, कुणाला आवाज आला नाही. पुढच्या खेपेला मी धरीन असं मी सांगू शकत नाही.

म्हणून एवढं करा. मला खुंटीवरून काढा आणि नवा दोर आणा. उद्या नको, आज आणा. पावसाचे दिवस आहेत, दुकानदार जास्त सांगेल. नाडतो म्हणाल. नाडू दे. मागेल तेवढे टाका आणि दोर घेऊन या. वरच्या वाडीत तिसऱ्या घरी एकीचे दिवस भरलेत.